जळालेली गोदी आणि उरलेला पट्टा : मुंबई बंदर, १९४४ नंतर

युद्धाच्या इतिहासात बंदराचा उल्लेख बहुधा जहाजांच्या आणि सैन्याच्या संदर्भात येतो. बंदराची जमीन कोणाची, ती कोणाला कोणत्या अटींवर दिली होती आणि विध्वंसानंतर त्या अटींचे काय झाले, हे प्रश्न मात्र महसुली दप्तरात पडून राहतात. मुंबई बंदराच्या बाबतीत हे दप्तर शहराच्या सामाजिक इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन ठरते.

१४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी एकाच जहाजात होत्या. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, अधिक भीषण स्फोट झाला. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. आग विझवण्यासाठी गेलेल्या अग्निशमन दलाच्या ६६ जवानांचाही त्यांत समावेश होता. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या उद्ध्वस्त झाल्या, आणि लगतची वखारींची वस्ती जळाली. शत्रूचा बॉम्ब पडलेला नव्हता; तरीही ही हानी युद्धाचीच होती, कारण युद्धाच्या निकडीपोटीच असा माल थेट गोदीत येऊ दिला गेला होता.

येथे धोरणाचा प्रश्न उभा राहिला. नेहमीच्या आगीच्या विम्याने ही हानी भरून द्यायची, की युद्धजन्य हानी म्हणून तिचा भार सरकारने उचलायचा? सरकारने त्याच वर्षी मुंबई स्फोट भरपाई अध्यादेश काढून दायित्व स्वीकारले. परंतु भरपाई झालेल्या नुकसानीची होती. जागेवरील हक्काचा प्रश्न वेगळाच राहिला.

त्या हक्काची मुळे जुनी होती. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने भराव घालून तयार केलेली जमीन सरकारने १८७० च्या सुमारास विकत घेतली आणि १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टकडे ती आली. १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी खुली झाली, तिच्यामागून व्हिक्टोरिया गोदी. पोर्ट ट्रस्ट अशा रीतीने केवळ बंदराचा कारभारी न राहता शहरातील एक मोठा जमीनमालक झाला. काही भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने, तर काही महिनेवार भाड्याने दिले जात. दोन्ही प्रकारांत जमीन ट्रस्टची. तीवरील बांधकाम मात्र अनेकदा भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने उभे केलेले असे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने अशा आपत्तीचा विचार आधीच केला होता. आग, वादळ, पूर, सैन्य वा जमाव यांचा हिंसाचार किंवा अन्य अनिवार्य शक्ती यांमुळे मालमत्तेचा महत्त्वाचा भाग पूर्णपणे नष्ट झाला, अथवा ती कायमची निरुपयोगी झाली, तर पट्टा भाडेकरूच्या इच्छेनुसार रद्द होऊ शकतो. निवड भाडेकरूची, पण पट्टा सोडणे म्हणजे जागाही सोडणे. वखार जळते, जमीन जळत नाही. म्हणून राखेवर उभ्या असलेल्या व्यापाऱ्यासाठी पट्ट्याचा कागद हीच शेवटची मिळकत ठरते.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागा वगळल्या. पोर्ट ट्रस्टच्या भाडेकरूंना त्यामुळे मालकाविरुद्ध त्या कायद्याचे संरक्षण मिळाले नाही. या सवलतीची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या द्वारकादास मारफातिया प्रकरणात स्पष्ट केली: सूट मिळाली म्हणून सार्वजनिक मालकाला मनमानी करता येत नाही, त्याची प्रत्येक कृती वाजवीपणाच्या कसोटीस उतरली पाहिजे. २००४ च्या जमशेद होर्मसजी वाडिया प्रकरणात भाडेवाढीचा वाद याच तत्त्वाच्या चौकटीत तपासला गेला. इमारत नष्ट झाली तरी भाडेसंबंध आपोआप संपत नाही, हे तत्त्व २०१४ मध्ये सांगलीच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने मांडले.

या साऱ्या कागदपत्रांत एक वर्ग जवळजवळ अदृश्य आहे. गोदीत रोजंदारीवर माल वाहणाऱ्या कामगाराकडे ना पट्टा होता, ना विमा. त्याच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा १९४८ मध्ये आला. तोवर त्याचे नुकसान मोजण्याची भाषाच प्रशासनाजवळ नव्हती.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकास हे भाषेचे अंगच अधिक विचारात घ्यावे लागेल. फारसीतून आलेला ‘बंदर’, बोलीतला ‘धक्का’, दप्तरातला ‘पट्टा’ हे शब्द एकाच किनाऱ्याचे तीन वेगळे अनुभव सांगतात. भाऊचा धक्का एका व्यक्तीची आठवण नावात जपतो; पट्ट्याची नोंद भूखंडाचा क्रमांक जपते. जुन्या गोद्या पुढे भराव घालून बुजवण्यात आल्या आणि २०२१ च्या कायद्याने पोर्ट ट्रस्टच्या जागी प्राधिकरण आले. बंदराच्या साहित्याचा इतिहास लिहिताना कविता आणि कादंबऱ्यांसोबत हे पट्टे आणि भरपाईचे अर्जही वाचले पाहिजेत. कोणाचे नुकसान लिहून ठेवण्याजोगे मानले गेले आणि कोणाचे नाही, याचा लेखी पुरावा त्यांतच सापडतो.