शकुंतलेचें वंगण

वऱ्हाडांतला कापूस बैलगाडीनें बाजारास जात असे, त्या काळीं आंसाला वंगण घातल्यावांचून शहाणा गाडीवान गांवाची शीव ओलांडीत नसे. कोरड्या आंसाची करकर कोसभर ऐकूं येई आणि धन्याची हयगय चारचौघांत जाहीर करी. पुढें हाच कापूस वाहण्यासाठीं किलिक निक्सन पेढीनें १९१० सालीं काढलेल्या कंपनीनें यवतमाळहून दारव्हा, कारंजा या गांवांवरून मूर्तिजापूरपर्यंत सुमारें ११३ किलोमीटरांचा अरुंद लोहमार्ग बांधला. रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. हीच लोकांची लाडकी ‘शकुंतला’.

तिचें वाफेचें इंजिन १९२१ सालीं मँचेस्टरला घडलें, १९२३ त कामावर रुजू झालें आणि १५ एप्रिल १९९४ रोजीं निवृत्त झालें. सत्तर वर्षांच्या या सेवेचें श्रेय सर्वजण विलायती पोलादाला देतात. मला तें मान्य नाहीं. पोलाद कितीहि उत्तम असो, ओझ्याखालीं तें दुसऱ्या धातूवर कोरडें घासूं लागलें कीं घटकाभरांत तापतें, चिकटतें आणि ओरबाडलें जातें. गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखालीं डोंगरदऱ्यांचा मुलूख असतो. शिखरें शिखरांवर टेकतात, क्षणभर सांधतात व तुटतात. झीज म्हणतात ती हीच.

मग आंस टिकतो कसा? याचा उलगडा शकुंतलेच्या जन्माआधीं थोडींच वर्षें झाला होता. १८८३ च्या सुमारास ब्यूशँप टॉवर हा इंग्लंडांत रेल्वेच्या आंसांवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठीं त्यानें पितळी बैठकीला वरून भोंक पाडलें, तों तेल आंत जाण्याऐवजीं बाहेर उसळूं लागलें! त्यानें बूच मारलें; तें उडालें. लांकडी खुंटी ठोकली, तीहि सरकली. दाबमापक लावला, तर बैठकीवर दर चौरस इंचास सरासरी १०० पौंड भार असतां कांटा २०० च्या पलीकडे गेला. फिरणारा आंस तेलाला अरुंद होत जाणाऱ्या फटींत ओढून नेतो आणि तेंच तेल साऱ्या गाडीला उचलून धरतें! मँचेस्टरच्याच ओवेन्स कॉलेजांतील प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनीं १८८६ सालीं याचें गणित मांडलें.

मात्र हा तेलाचा पडदा वेगावर जगतो. गाडी थांबली कीं तो पिळून निघतो आणि पुनः सुरू होतांना कांहीं क्षण धातू धातूवर येतो. शकुंतला तर मुळांतच मंद, शिवाय ठिकठिकाणीं थांबणारी. अशा वेळीं तेलाची धातूला बिलगून राहण्याची शक्तीच उपयोगी पडते. आपलें एरंडेल या गुणांत फार श्रेष्ठ. हिंदुस्थानांतील रेल्वेंनीं एके काळीं तें आंसांना मुबलक घातलें. जुन्या पद्धतीच्या आंसपेटींत तेलानें निथळणारें टाकाऊ सूत खालून कोंबलेलें असे व तें दिव्याच्या वातीप्रमाणें तेल वर पोंचवी. म्हणजे कापूस वाहणाऱ्या गाड्यांच्या आंसाखालीं पुष्कळदां कापूसच राबत होता. सूत दबलें, धुळीनें मळलें, कीं पेटी तापे आणि जळक्या तेलाचा वास येई. तो येण्याआधींच पेटीला हात लावून पाहणारा मनुष्य, माझ्या मतें, त्या सत्तर वर्षांच्या श्रेयाचा पहिला धनी. इंजिनाचें साल सर्वांना ठाऊक. त्याचें नांव कोणत्याच लेखांत सांपडत नाहीं.

गंमत अशी कीं, जें तेल आंसाला जीवन तेंच रुळावर सांडलें कीं घात. चाक रुळाला टेकतें तें जेमतेम नाण्याएवढ्या जागेवर, आणि तेथें घर्षण नसेल तर चाक जागच्या जागीं गरगरतें. म्हणून चालक चाकापुढें वाळू सोडी. वाळूनें पकड मिळे, पण रूळ व चाक दोन्हीं झिजत. पोलादाच्या एकाच गाडीला अर्ध्या हातावर एकीकडे घर्षण हवें, दुसरीकडे नको!

१९९४ नंतर डिझेल इंजिन आलें, तरी मार्ग जुनाच राहिला. इंजिन बदलणें सोपें; शंभराहून अधिक किलोमीटरांची झीज भरून काढणें खर्चाचें, आणि खाजगी मालकीच्या त्या मार्गावर तो खर्च करावा कोणीं, हा वाद वर्षानुवर्षें चालला. आज ती गाडी बंद आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या रुंद मार्गाचा वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झाला. त्यावरील डब्यांच्या आंसांना रोलर बेअरिंगें असतात. वंगण आंत भरून तोंड बंद केलेलें असतें, आणि फलाटावर कोणी पेटीचें झांकण उघडीत नाहीं.