मुदखेडचा चावीवाला

मराठवाड्यातील एखाद्या गावाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी आपसूक यादव, बहामनी, निजाम अशा राजवटींच्या पायऱ्या उतरू लागते. परंतु मुदखेडच्या बाबतीत ही वाट मला अपुरी वाटते, कारण आजच्या मुदखेडला जे रूप आले आहे ते कोणा जहागीरदाराच्या सनदेने आलेले नसून, सिकंदराबादेहून मनमाडकडे जाणाऱ्या एका मीटरगेज लोहमार्गाने आणि त्या मार्गाखालची गिट्टी आयुष्यभर ठोकीत राहिलेल्या संसारी माणसांनी आणलेले आहे.

हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाचा हा सुमारे 390 मैलांचा मार्ग 1899 ते 1901 या अवधीत टप्प्याटप्प्याने खुला झाला. निजामी दफ्तरांच्या हिशेबाने तो फसली सन 1309 चा सुमार. आणि दख्खनच्या हिशेबाने महादुष्काळाचा. पुढे मुदखेडहून भोकर, हिमायतनगर, किनवट असा सागवानी रानांतून आदिलाबादेपर्यंत फाटा गेला आणि मुदखेड जंक्शन झाले. जंक्शन झाले म्हणजे पाइंटमन आले, खलाशी आले, क्वार्टरांच्या ओळी उभ्या राहिल्या. पण स्थानकाच्या दिव्यांपलीकडे, मुगटच्या किंवा शिवणगावच्या दिशेने, उन्हात वाकलेली जी माणसे गाडीच्या खिडकीतून क्षणभर दिसत आणि मागे पडत, ती गँगची.

गँगचा प्रमुख मेट. त्याच्या हाताखाली पहार, फावडे आणि बीटर घेतलेले गँगमन. आणि या सर्वांहून निराळा, एकटा चालणारा तो कीमन, ज्याला वस्तीत चावीवाला म्हणत. रूळ आणि स्लीपर यांना जखडून ठेवणारी लोखंडी चावी गाडीच्या धक्क्यांनी हळूहळू सैल होते, म्हणून हा मनुष्य पहाटे खांद्यावर हातोडा आणि पाना टाकून निघे, एका अंगाने जाई, दुसऱ्या अंगाने परते, आणि आपल्या हद्दीतील प्रत्येक चावी नजरेखालून घाली. नजर चुकेल, पण कान चुकत नसे: घट्ट बसलेल्या चावीवर हातोडा पडला म्हणजे खणखणीत नाद येतो, सैल चावीवर पडला तर बद्द. रूळ तडकलेला आढळला तर लाल झेंडी रोवून, रुळावर फटाके बांधून, येणाऱ्या गाडीला थांबविण्याची जबाबदारी त्या एकट्याची. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला म्हणजे रात्रीची गस्त. हातात कंदील, अंगावर घोंगडी, आणि जवळ एक वही, जिच्यावर पुढच्या स्थानकाच्या मास्तराची सही झाल्याखेरीज ती रात्र कागदोपत्री उजाडत नसे.

ही माणसे बहुतेक आसपासच्या खेड्यांतील भूमिहीन आणि अल्पभूधारक घरांतली, पुष्कळशी त्या जातींची ज्यांना गावाने शिवेबाहेर ठेवले होते. बलुत्याच्या पेंढीसाठी पाटलाच्या खळ्यावर उभे राहण्याऐवजी महिन्याकाठी मोजून मिळणारा रोख पगार, मग तो निजामाच्या हाली सिक्क्यात का असेना (शंभर ब्रिटिश कलदारांस सुमारे 116 हाली पडत), हा त्यांच्या दृष्टीने केवळ पैसा नव्हता. ती मान वर करण्याची सोय होती, आणि मुदखेडच्या इतिहासात त्याहून मोठी घटना मला दिसत नाही.

गावाची माती सोडून रोख मजुरीवर उभे राहणारे असे घर जगात इतरत्रही उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्वतःचे राज्य गमावलेल्या पोलंडमधील लाखो शेतकरी पोटासाठी अमेरिकेस गेले आणि शिकागोचे कत्तलखाने, पिट्सबर्गच्या पोलादभट्ट्या, पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणी यांत राबले. थॉमस आणि झ्नानिएत्स्की या दोन अभ्यासकांनी त्यांच्या घरच्या पत्रांवरून 1918 ते 1920 या काळात एक थोर ग्रंथ सिद्ध केला. ती पत्रे येशू ख्रिस्ताच्या जयघोषाने सुरू होतात, मग सर्वांची खुशाली, मग बहिणीचे लग्न, जमिनीचा तुकडा, पैशाची मागणी. आपल्याकडे ‘साष्टांग नमस्कार वि. वि.’ याखाली नेमका हाच मजकूर येत असे. भेद एवढाच की पोलिश कामगाराला समुद्र आडवा होता; मुदखेडच्या गँगमनला पोळ्याला गावी जाता येई, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेसाठी रजा मागता येई, आणि म्हणून त्याचा एक पाय मरेपर्यंत काळ्या मातीतच राहिला. पण त्या पोलिश माणसाची पत्रे कोणीतरी जपली. आमच्या माणसाचा इतिहास हजेरीपटात राहिला, आणि हजेरीपट रद्दीत गेले. याचे मला दुःख आहे.

रझाकारी अमलाच्या दिवसांत याच मार्गावर, काही स्थानके पलीकडे, 1948 च्या जानेवारीत स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली. सप्टेंबरात पोलीस अॅक्शन होऊन हैदराबाद संस्थान भारतात आले. रुळांची देखभाल एवढ्यानेही थांबली नाही. 1 एप्रिल 1950 रोजी संस्थानची रेल्वे भारत सरकारकडे आली, 5 नोव्हेंबर 1951 रोजी मध्य रेल्वेत गेली, 1966 साली दक्षिण मध्य रेल्वेत. चावीवाल्याच्या घरी हे फेरबदल निराळ्या खुणांनी पोचले: हाली जाऊन रुपया आला, पहिल्या वेतन आयोगाने सर्वांत खालच्या नोकरास महागाई भत्त्यासह ठरविलेले 55 रुपये कानावर आले, आणि 1957 साली निवृत्तिवेतन आले, ज्यामुळे म्हाताऱ्याची भाकरी मुलाच्या मर्जीवर राहिली नाही.

त्या भाकरीची किंमतही त्यांनी मोजली. मे 1974 च्या संपात, 8 तारखेपासून 27 तारखेपर्यंत, देशभर हजारो कामगार तुरुंगात गेले आणि कित्येक वसाहतींत बायकामुलांना क्वार्टरांतून बाहेर काढण्यात आले. क्वार्टर म्हणजे काय, हे तिथे राहिल्याखेरीज कळत नाही: दोन खोल्या, पुढे कुडाचा आडोसा, त्यात शेळी बांधलेली, दारी शेवग्याचे झाड, आणि जाणाऱ्या प्रत्येक मालगाडीबरोबर मांडणीवरची भांडी किणकिणणारी. त्या मांडणीपुढे बसून गृहिणीने पगाराचे भाग पाडावेत: वाण्याची उधारी, गावाकडचे मातापितर, लेकीच्या लग्नाची सोसायटी, आणि उरलेच तर मोठ्याची शाळेची फी. मोठा शिकला तर तो बुकिंग क्लार्क होईल आणि सावलीत बसेल, ही त्या घराची महत्त्वाकांक्षा.

पुढे मार्ग रुंद झाला. मीटरगेज उखडला गेला. काँक्रीटच्या स्लीपरांवर रुळांना आता चावीऐवजी पोलादी क्लिपा जखडतात, गिट्टी यंत्र ठोकते, आणि मुदखेडचे नाव लोक फुलांसाठी घेतात. तरीही पहाटेची गाडी धरावयास फलाटावर लौकर गेले तर अद्याप दिसते: धुक्यातून एक मनुष्य रुळांमधून चालत येतो, खांद्यावर हातोडा, थोडा थांबतो, वाकतो, एक ठोका घालतो, आणि कान देऊन पुढे निघतो.