गायनाच्या परीक्षा

गुरूच्या घरी शिकणाऱ्या शिष्याची पारख रोजच्या तालमीतच होई. विष्णू दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीतशिक्षणाला वर्ग, क्रमिक पुस्तके व परीक्षा आल्या. त्यांच्या निधनानंतर, 1931 मध्येच, शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. त्याच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षांत गुण मिळवण्याचे नाना मार्ग आहेत. परीक्षक राग सांगतो. विद्यार्थी आरोह-अवरोह, पकड गाऊन बंदिश मांडतो, मग टाळी-खाली दाखवत हातावर ठेका दुगुणीत म्हणतो. पुढे लेखी उत्तरपत्रिका येते, वरच्या पातळीवर मंचप्रदर्शनही. लेखी परीक्षेने शास्त्र मुखोद्गत झाले. रागाची समज मात्र गाण्यातूनच कळते, म्हणून प्रात्यक्षिकाचे मोल मोठे.