हाताने माणसाचे ऐकावे

कामगाराचा हात गेला म्हणजे आमच्याकडे प्रथम येतो तो कागद. माणूस मागाहून येतो. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. त्याच्या परिशिष्टात पुढे असा हिशेब ठरला, की एक पंजा गेला तर कमाईची शक्ती शेकडा ६० घटली, अंगठा गेला तर शेकडा ३०. या आकड्यांवर भांडण्यात आमची उमेद खर्ची पडली. कारखान्यात पॉवर प्रेसखाली बोटे जातात, गुऱ्हाळावर चरकात ऊस सारताना पंजा जातो. कोल्हापूरकरांना हे सांगावयास नको. भरपाई पदरात पडली की आपले काम संपले, असे आम्हीही पुष्कळ वर्षे समजत होतो.

तो समज एका प्रेस कामगाराने घालविला. त्याला कोणाच्या तरी मदतीने विजेवर चालणारा हात मिळाला होता. दोनदा तो हात घालून युनियनच्या कचेरीत आला. तिसऱ्यांदा आला तो रिकामी बाही खोचून. आम्ही विचारले तेव्हा म्हणाला, "अण्णा, त्यो हात माझं ऐकत न्हाई. मलाच त्याचं ऐकाय लागतंय." हात ट्रंकेत पडला होता. शाळा आमची लवकर सुटली. जे शिकलो ते रात्री वाचून शिकलो. या एका वाक्यापायी आम्ही पुन्हा वाचू लागलो. त्या वाचनातून निघालेला इतिहास आज आपल्यापुढे ठेवतो.

श्रोत्यांनी आपला उजवा हात डाव्या हाताने कोपराखाली धरावा आणि मूठ मिटावी. आत काही ताठरते. बोटे वळविणारे जोरकस स्नायू बोटांत नसतात, ते तेथे असतात. म्हणून मनगटापासून पंजा गेला तरी त्याला हुकूम देणारे स्नायू मागे राहतात. स्नायू आवळला की वीज उत्पन्न होते, हे माणसाच्या हातावर बर्लिनच्या द्यु ब्वा-रेमाँ याने १८४९ च्या सुमारास दाखविले. कातडीवर ती वीज व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास, अनेकदा त्याहूनही क्षीण, हाती लागते. तिला वाढवून मोटार चालवावयाची, ही झाली या विद्येची मूळ कल्पना.

तिला प्रथम आकार दिला तो राइनहोल्ट रायटर या म्युनिकच्या पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने. त्याचे काम १९४८ साली प्रसिद्ध झाले. मौज अशी, की त्याच्या डोळ्यांपुढे कारखान्यातला हात तुटलेला कामगार होता. नळ्यांचे यंत्र अंगावर वागविण्याजोगे नव्हते. ते कामाच्या टेबलापाशीच ठेवावे लागे. या प्रयोगाची फारशी कोणी दखल घेतली नाही. पुढे ट्रान्झिस्टर आला, यंत्र लहान झाले, आणि १९६० च्या सुमारास मॉस्कोच्या कोब्रिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॅटरी अंगावर बाळगून वापरता येईल असा हात पुढे आणला.

अमेरिकेत १९६८ साली 'बॉस्टन आर्म' जाहीर झाला. कल्पना गणिती नॉर्बर्ट वीनर यांची, काम तेथील विद्यापीठांचे आणि रुग्णालयाचे. त्यात पैसा मात्र लिबर्टी म्युच्युअल या विमा कंपनीचाही होता. ही कंपनी १९१२ साली कामगारांच्या नुकसानभरपाईच्या विम्यासाठीच निघालेली. तिने हे केवळ दयेपोटी केले असे आम्हांस वाटत नाही. भरपाई ज्याला भरावी लागते, त्याला कामगार पुन्हा कामावर आलेला हवा असतो. कायद्याचा दाब संशोधनापर्यंत कसा पोचतो, हे येथे दिसते.

तथापि हात ऐकत का नव्हता? नेहमीच्या हातात कातडीवर दोन ठिकाणी धातूची टिकली टेकते. एक स्नायू आवळला की पंजा मिटतो, दुसरा आवळला की उघडतो. मनगट फिरवावयाचे असेल तर दोन्ही एकदम आवळून, गिअर बदलावा तसा, प्रकार बदलावयाचा. म्हणजे मूठ मिटण्याचा विचार सोडून माणसाने यंत्राची खूण पाठ करावयाची. आमच्या मित्राचे म्हणणे शब्दशः खरे होते.

कॅनडातील न्यू ब्रन्सविक विद्यापीठाच्या हजिन्स, पार्कर आणि स्कॉट यांनी १९९३ साली दाखविले, की स्नायू आवळू लागतो त्या पहिल्या क्षणीच्या लहरींचा घाट निरनिराळ्या हालचालींना निराळा असतो. हलगीचा आवाज मोठा की लहान एवढेच पूर्वी यंत्र ऐके. आता ते ताल ओळखू लागले. माणसाने प्रत्येक हालचाल मनात धरून काही वेळा करावी आणि यंत्राने ती शिकावी, अशी पद्धत निघाली. २०१३ पासून ती बाजारातही आली. येथे नाते उलटले: शिकण्याचे ओझे यंत्राने उचलले.

खांद्यापासूनच हात गेला तर? जेसी सलिव्हन हा अमेरिकेतला विजेच्या तारांवर काम करणारा कामगार. २००१ साली कामावर विजेचा धक्का बसून त्याचे दोन्ही हात गेले. शिकागोचे डॉ. टॉड क्यूकन आणि सहकारी यांनी २००२ साली त्याच्या हाताच्या मज्जातंतू छातीच्या स्नायूंना जोडल्या. मग मूठ मिटण्याचे मनात आणले की छातीचा एक भाग आवळे आणि यंत्राची मूठ मिटे.

एवढ्याने सर्व साधले असे नाही. घाम आला, टिकली जागेवरून सरकली, हात वर उचलला, की शिकलेले यंत्र चुकते. फौंड्रीच्या भट्टीपाशी घाम येतो हे प्रयोगशाळेला कोण सांगणार? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, विजेचा हात मिळालेल्या प्रौढांपैकी सरासरी शेकडा २३ जणांनी तो टाकून दिल्याचे आढळले. ट्रंक केवळ आमच्या मित्राचीच नव्हती.

पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी निघाले. सैनिकाचा हात देशासाठी गेला, म्हणून त्याची जबाबदारी देशाने मानली. रायटरचे काम छापले गेले त्याच १९४८ साली आपल्याकडे राज्य कामगार विमा कायदा झाला, आणि त्या योजनेत कृत्रिम अवयवांचीही सोय आली. म्हणजे कामगाराच्या हाताची जबाबदारीही तत्त्वतः मान्य झाली. परंतु हात देणे आणि हात चालणे यांत अंतर आहे. तो बसविणारा, शिकविणारा, घाम आल्यावर पुन्हा नीट करणारा माणूस जवळ हवा. आणि तो कसा असावा हे ठरविताना वापरणाऱ्यास विचारले पाहिजे.

पुष्कळ वर्षे आम्ही शेकड्यांवर भांडलो. ते भांडण सोडावयाचे नाही. पण आता आमच्या मागण्यांच्या कागदावर एक ओळ वाढली आहे: हात असा द्या, की तो त्या माणसाचे ऐकेल.