दारूबंदी : मतदान, राज्याचा अधिकार व न्यायालये (वर्धा जिल्हा)

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव (मेघे) येथे दारूचे परवानाधारक दुकान नाही, कारण अख्खा वर्धा जिल्हा 1970च्या दशकाच्या मध्यापासून कोरडा आहे. सेवाग्रामला गांधीजी राहिले, पवनारला विनोबा. त्या पुण्याईवर ही बंदी आली, मतपेटीतून नव्हे. गडचिरोलीत (1993) आणि चंद्रपुरात (1 एप्रिल 2015) तिच्यामागे लोकचळवळ होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरहून निघालेल्या बाया डिसेंबर 2010 मध्ये पायी नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर धडकल्या होत्या. तरी बंदी कुठेही टिकते ती शासनाच्या आदेशावर, आणि आदेश फिरतो : मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवली.

मतदारांच्या हाती खरा अधिकार आहे तो दुकानापुरता. 25 मार्च 2008च्या आदेशानुसार गावातील किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचे निवेदन दिले की राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्यांची पडताळणी करतो व गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. मेख हिशेबात आहे. झालेल्या मतांच्या नव्हे, तर एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. मजुरीला गेलेली, माहेरी असलेली किंवा धाकाने घरी बसलेली बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. आमदार निवडून आणायलाही एवढी कडक अट नाही. शिवाय जिथे परवानाच नाही तिथे मतदान कशावर घेणार? म्हणून बोरगावच्या बायांना हा हक्क वापरताच येत नाही; वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बायांना येतो. मोहाचा सडवा आणि हातभट्टी यांना तर परवाना लागत नाही; तिथे दारूबंदी अधिनियमाचे कलम 65 आणि पोलीस, एवढाच मार्ग.

मादक पेये हा राज्यसूचीतील (नोंद 8) विषय आहे. संविधानाच्या अनुच्छेद 47 मध्ये दारूबंदीचे उद्दिष्ट सांगतानाच औषधी उपयोगाचा अपवाद ठेवलेला आहे, आणि कज्जा नेमका त्याच फटीतून शिरला. ‘मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा’ (1951) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1949चा मुंबई दारूबंदी अधिनियम मुख्यत्वे उचलून धरला. मात्र मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने बाळगण्या-वापरण्यावरची बंदी रद्द केली. दारूची नुसती तारीफ करणे गुन्हा ठरवणारा भागही अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कसोटीवर टिकला नाही. औद्योगिक मद्यार्कावर हुकूम कोणाचा, हा वाद मात्र लांबला. 1990 मध्ये सात न्यायमूर्तींनी केंद्राच्या बाजूने दिलेला निकाल 23 ऑक्टोबर 2024 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने फिरवला. राज्यांचे पारडे जड झाले.

गांजाचे गणित वेगळे. तो 1985च्या केंद्रीय अमली पदार्थ कायद्यात (एनडीपीएस) येतो. गावाने किंवा जिल्ह्याने कितीही मते दिली तरी त्याला मुभा मिळत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1996 मध्ये ‘प्रपोझिशन 215’ संमत करून रुग्णांना गांजाची मोकळीक दिली. पण ‘गोन्झालेस विरुद्ध रेच’ (2005) खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की राज्याचा कायदा असला तरी संघराज्याची बंदी रुग्णांनाही लागू राहते. आपल्याकडे केंद्रीय कायद्यातच औषधी व वैज्ञानिक उपयोगाचा अपवाद आहे (कलम 8) आणि गांजाबाबत परवाने-नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिलेला आहे (कलम 10). तो कागदावरून शेतात फारसा उतरलेला नाही. शेंडे सोबत नसलेली पाने आणि बिया केंद्राच्या व्याख्येबाहेर असल्याने भांग राज्याच्या अखत्यारीत राहिली. महाराष्ट्रात ती दारूबंदी अधिनियमाखालीच येते आणि परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा ठरतो.