राळेगणचा माळ आणि त्याची वहिवाट

भाद्रपदाचा उत्तरार्ध लागून उत्तरा नक्षत्राचा पाऊस ओसरू लागला आणि हस्ताच्या सरींकडे शेतकऱ्याचे डोळे लागले, म्हणजे पारनेर तालुक्यातील माळांचे वर्षातले सर्वांत संपन्न दिवस सुरू होतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेला हा मुलूख मुळातच अवर्षणप्रवण. कान्हूरच्या पठाराच्या एका अंगाचे पाणी मुळेतून गोदावरीला जाते आणि दुसऱ्या अंगाचे घोड नदीच्या वाटेने भीमेला मिळते. पण दोन महानद्यांना पाणी देणाऱ्या या भूमीच्या स्वतःच्या वाट्याला मात्र उथळ मुरमाड माती, काळा खडक आणि बेभरवशाचा पाऊस एवढेच आलेले आहे. पुणे-नगर रस्त्यावरून थोडे आत वळले की भीमेच्या बाजूस राळेगणसिद्धी हे सुमारे ९८० हेक्टर शिवाराचे गाव लागते. त्याच्या समाजकार्याची कीर्ती सर्वतोमुखी झाली आहे; त्याच्या माळाचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही.

गावातल्या यादवबाबांच्या मंदिरापासून निघून रब्बीच्या ज्वारीसाठी तयार केलेली राने मागे टाकीत चढाला लागावे. प्रथम भेटतात ते ओढ्यांवरचे बंधारे आणि उतारांवर समपातळीत खोदलेले चर. त्यांच्या आधाराने वाढलेले कडुनिंब, करंज, बाभळी आणि सुबाभळी. आणि आश्विनाच्या तोंडावर डोळे भरू लागलेली सीताफळे. त्याहून वर झाडी विरळ होत जाते आणि गवताचे राज्य सुरू होते. कुठे पवन्या, कुठे मारवेल, आणि जिथे माती अगदीच पातळ आहे तिथे वस्त्राला चिकटून पांथस्थाचा पिच्छा न सोडणारी कुसळी. मधूनच कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, तरवडाचा पिवळाधमक फुलोरा, आणि पावलागणिक भुर्रकन उडणारे चंडोल. निसर्गाने आपणहोऊन हे सर्व मांडून ठेवले आहे असे नवख्या माणसास वाटावे. परंतु या उतारावरील प्रत्येक झाड आणि गवताची प्रत्येक पेंढी कोणाच्या ना कोणाच्या हुकुमाने, संमतीने अथवा नकाराने तिथे उभी आहे.

माळ ही मराठी मुलखात निर्वेध वस्तू कधीच नव्हती. गावची काळी कोणी कसावी, पांढरीत कोणी राहावे, याचे जसे शिरस्ते होते, तसेच गायरानात कोणाची गुरे चरावीत, परगावच्या कळपाने काय द्यावे, याचेही होते. वनचराई ही सरकारी उत्पन्नाची एक बाब म्हणून मराठेशाहीच्या दफ्तरांत नांदते. उत्तम गवताची कुरणे सरकारी पागेसाठी राखलेली असत, आणि तेथील गवत कापून पोचविण्याची वेठ भोवतालच्या रयतेच्या माथी येई. भीमेच्या काठची भीमथडी घोडी ज्या काळी नावाजलेली होती, त्या काळी मराठी फौजेचे बळ काही अंशी या कोरड्या माळांच्या गवतात साठविलेले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. वृक्षांच्या बाबतीतही राज्यकर्त्यांची दृष्टी केवळ लुटीची नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याचा विषय निघतो, तेव्हा आंबा-फणसासारखी रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली झाडे तिच्या मनाविरुद्ध तोडू नयेत, आणि एखादे जीर्ण झाड घेणे प्राप्तच झाले तर धन्याला द्रव्य देऊन संतुष्ट करावे, अशी ताकीद दिलेली आढळते. या ताकिदीचा अंमल सर्वत्र सारखा झाला असेल असे मानण्याचे कारण नाही. तथापि झाडाला धनी असतो आणि त्याची संमती घ्यावी लागते, हे तत्त्व तीत स्पष्ट आहे.

१८१८ साली पेशवाई गेली आणि या तत्त्वाची घडी दोन बाजूंनी विसकटली. पहिली बाजू नांगराची. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीच्या मोजणीचा व प्रतवारीचा जो क्रम घालून दिला, तो पुढे दख्खनभर पसरला. सारा हलका झाला, शांतता नांदली, लोकसंख्या वाढली. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या गुरांसाठी सोडलेले हलके माळही लागवडीखाली येऊ लागले. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढविले, तेव्हा या हव्यासास आणखी भर आली. भाव कोसळले, साऱ्याची फेरआकारणी वाढीव आली आणि कर्ज मात्र राहिले. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्याला पेटलेला सावकारांविरुद्धचा दंगा नगर जिल्ह्यात शिरला, तेव्हा ज्या तालुक्यांतून कर्जरोखे जाळले गेले त्यांत पारनेर होते.

दुसरी बाजू कायद्याची. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव आणि संरक्षित अशा वनांच्या वर्गवाऱ्या केल्या, आणि जेथे वहिवाटीने गुरे जात तेथे परवाना, फी आणि कोंडवाडा आले. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना गरीब शेतकऱ्याची गायराने जंगल खात्याने गिळल्याची जी तक्रार मांडली, तिचे मूळ येथे आहे. तक्रारीच्या आधीच १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ येऊन गेला होता, आणि चाऱ्यावाचून दख्खनची गुरेढोरे मेली होती. नांगराने अर्धा माळ घेतला आणि कायद्याने उरलेल्या माळाचा धनी दूर कचेरीत नेऊन बसविला; आणि दूरच्या धन्याच्या मालमत्तेची राखण गावाने आपणहोऊन करावी, ही अपेक्षाच व्यर्थ होती. सरकारचे ते कोणाचेच नव्हे, ही समजूत रुजली ती अशी.

स्वातंत्र्य आले तरी ही समजूत गेली नाही. प्रवरेच्या पाण्यावर जिल्ह्याचा उत्तर भाग उसाने हिरवा झाला. पारनेरचा माळ मात्र बोडकाच राहिला. १९७२ च्या दुष्काळानंतरचे राळेगण म्हणजे उघडे उतार, पहिल्याच पावसात वाहून जाणारी माती, पाणी न धरणारा पाझर तलाव आणि दारूच्या भट्ट्या. त्या भट्ट्यांच्या सरपणासाठी यादवबाबांच्या मंदिराचे लाकूडदेखील गेले, असे गावकरी सांगतात. गावाच्या सामायिक मालमत्तेला धनी उरला नाही म्हणजे देवळाचे वासेही कसे सरपण होतात, याचा याहून बोलका पुरावा शोधण्याचे कारण नाही.

१९७५ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन परतलेल्या अण्णा हजारे यांनी आपली पुंजी त्या मंदिराच्या जीर्णोद्धारात घातली, ही गोष्ट बहुश्रुत आहे. माळाच्या इतिहासाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा, की गावाला एकत्र बसून निर्णय करण्याची जागा परत मिळाली. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी चालविलेला पाणी पंचायतीचा प्रयोग हजारे यांनी पाहिला होता. त्या धर्तीवर गळका तलाव दुरुस्त झाला, नाले बांधले गेले, उतारांवर चर निघाले. परंतु केवळ दगडमातीची कामे सरकारी खर्चाने इतरत्रही झाली होती आणि बुजूनही गेली होती. येथे ती टिकली, कारण नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान यांच्या जोडीला कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हे दोन नियम गावाने स्वतःवर लादून घेतले. गुरे दावणीला बांधून चारा कापून आणावयाचा, मोकळी सोडावयाची नाहीत, एवढ्या एका नियमाने गवताला बी धरण्याइतकी उसंत मिळाली. गवताने माती धरली, मातीने पाणी धरले, आणि विहिरींना पाझर फुटले. १९९२ साली राज्याने आदर्श गाव योजना सुरू केली, तेव्हा हेच नियम तिच्या अटींत जाऊन बसले.

या वृत्तान्ताची दुसरी बाजू दडविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. राळेगणची शिस्त नुसत्या उपदेशाने आली नाही. दारू पिणाऱ्यास खांबाला बांधून मारल्याचे प्रसंग घडले, आणि त्यावर अभ्यासकांनी रास्त टीका केली आहे. चराईबंदीचा भारही सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याला बांधावर चारा आहे त्याला गाय दावणीला बांधणे सोपे. ज्याच्यापाशी चार शेळ्यांखेरीज काहीच नाही, त्याची उपजीविका या नियमाने अडते. पावसाळ्यानंतर मेंढरे घेऊन पश्चिमेकडे उतरणारे धनगर रिकाम्या रानांत कळप बसवून खत देत आणि त्याबद्दल धान्य घेत. बंद झालेल्या माळांनी त्यांच्या वाटा अरुंद केल्या. ज्या सभेत माळाचा निवाडा होतो तिथे शेळीवाला आणि मेंढपाळ बसलेला नसेल, तर ती संमती अपुरी होय.

आणखी एक सावधगिरी. हिरवे करणे म्हणजे झाडे लावणे, अशी एक समजूत या कार्याच्या यशामागून पसरली. उतारांवर झाडे हवीतच. पण उघडा माळ हेही एक परिपूर्ण जीवनस्थान आहे. याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य राखले गेले, आणि सोलापूर-नगरच्या माळांवर माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. या दोन्ही प्राण्यांना दाट झाडी नव्हे, गवत हवे. महसुली दफ्तरात माळाची गणना पडीक म्हणून होत असल्यामुळे त्यावर कारखाना, सौरपट्ट्या वा वृक्षलागवड काहीही उठविण्यास कोणास संकोच वाटत नाही.

राळेगणच्या इतिहासाचा निष्कर्ष माझ्या मते असा, की गवत आणि झाड टिकते ते पावसाच्या कृपेने कमी आणि गावाच्या करारामुळे अधिक. पागेची कुरणे वेठीने राखली, ती सत्तेबरोबर गेली; जंगल खात्याची वने परवान्याने राखली, ती चोरीला गेली; स्वतःच्या सभेत ठरविलेला नियमच काय तो टिकला. म्हणून ज्या ज्या गावाला गायरान उरले आहे, त्याने या आश्विनात, गवत अंगभर उभे असतानाच, ग्रामसभा बोलवावी, शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्यांना पहिल्या रांगेत बसवावे, आणि आपल्या माळाची वहिवाट एकदा लेखी ठरवून टाकावी.