कानस, गंज आणि एक पिस्तूल

आयटीआयच्या फिटर विभागात कधी डोकावलात, तर पहिल्या वर्षाची मुले शिकंज्यात लोखंडाचा ठोकळा आवळून तासन्‌तास कानस मारताना दिसतील. मधूनमधून ठोकळा काढायचा, त्याला गुण्या लावायचा, उजेडाकडे धरून फट दिसते का ते पाहायचे, आणि पुन्हा कानस. आम्ही एकदा अशा एका कार्यशाळेत गेलो होतो. कंटाळलेल्या एका मुलाने आम्हालाच विचारले, “सर, हे सगळं मशीन करतं ना आता? मग आम्ही कशाला घासायचं?”

त्या वेळी आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. नंतर वाचताना लक्षात आले की या प्रश्नामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराचसा घडला बंदुकीच्या कारखान्यांत. विषय शाळेच्या वर्गाला जरा अवघड वाटेल. पण यंत्रयुगातली एक मोठी कल्पना, म्हणजे एका वस्तूचा भाग दुसऱ्या तशाच वस्तूत चपखल बसणे, इथेच वाढली. ती टाळून पुढे जाता येत नाही.

अठराव्या शतकातली मस्केट ही एकेका कारागिराची निर्मिती असे. चाप-यंत्रणेतला खटका, कमान, स्क्रू असे सगळे भाग तो घडवायचा आणि एकमेकांत बसेपर्यंत कानशीने घासायचा. दोन बंदुका शेजारी ठेवल्या तर जुळ्या दिसत, पण एकीचा खटका दुसरीत बसत नसे. रणांगणावर एखादा भाग मोडला की पुन्हा कारागीर गाठणे आले.

फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लाँ नावाच्या कारागिराने यावर उपाय शोधला. साचे, मापण्या आणि घासताना कानशीला वाट दाखवणारी साधने वापरून त्याने सर्व भाग एकसारखे बनवायला सुरुवात केली. १७८५ साली थॉमस जेफर्सन अमेरिकेचे वकील म्हणून पॅरिसमध्ये होते. ब्लाँने त्यांच्यासमोर पन्नास चाप-यंत्रणांचे सुटे भाग ठेवले. जेफर्सननी हाताला येतील ते भाग उचलून स्वतः काही यंत्रणा जोडल्या, आणि त्या नीट बसल्या! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मायदेशी पाठवलेल्या पत्रात त्यांनी याचे वर्णन केले आहे. ब्लाँची पद्धत यंत्राची नव्हती, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे. काम कानशीनेच होत होते, फक्त कानशीला शिस्त लावली होती.

यापुढची गोष्ट अनेक पुस्तकांत चुकीची छापली गेली आहे, म्हणून तिथे थोडे थांबू. अमेरिकेत एली व्हिटनी याने १७९८ मध्ये दोन वर्षांत दहा हजार मस्केट देण्याचा करार केला. १८०१ मध्ये त्याने राजधानीत सुट्या भागांचे प्रात्यक्षिक दाखवून बड्या मंडळींना थक्क केले. अदलाबदल करता येणाऱ्या भागांचा जनक म्हणून त्याचे नाव पुढे पाठ्यपुस्तकांत गेले. पण १९६० साली रॉबर्ट वुडबरी या इतिहासकाराने व्हिटनीच्या शिल्लक बंदुका तपासून काय सापडते ते मांडले. त्यांचे भाग एकमेकांत बसत नव्हते. इतकेच नाही, तर कोणता भाग कोणत्या बंदुकीचा हे कळावे म्हणून काही भागांवर खुणा केलेल्या होत्या. सगळे भाग सारखे असतील तर खुणा कशाला हव्यात? शिवाय दोन वर्षांचे काम पुरे व्हायला १८०९ साल उजाडले होते. प्रात्यक्षिक आणि उत्पादन या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे यावरून विद्यार्थ्यांना दाखवता येईल.

खरे श्रेय जायला हवे जॉन हॉल या फारशा न गाजलेल्या माणसाला. हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रशाळेत त्याने आपल्या रायफलीसाठी धातू कापणारी खास यंत्रे आणि साठाहून अधिक मापण्या तयार केल्या. १८२६-२७ मध्ये एका सरकारी समितीने त्याच्या रायफली सुट्या करून, भाग मिसळून पुन्हा जोडून पाहिल्या आणि समाधान व्यक्त केले. १८३४ मध्ये तर दूरच्या कनेक्टिकट राज्यात सिमियन नॉर्थने बनवलेले भाग हॉलच्या रायफलीत बसू लागले.

कारागिरांना याचा आनंद झाला असेल असे वाटते का? हार्पर्स फेरीचे कारागीर नगावर मजुरी घेत, मर्जीप्रमाणे येत-जात. आपला हात म्हणजेच आपली किंमत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. यंत्राने हाताची किंमत कमी केली, मापणीने त्यांच्या कामात खोट काढायला सुरुवात केली, आणि पाठोपाठ भिंतीवर घड्याळ आले. ठरलेल्या वेळी या, ठरलेल्या वेळी जा. १८४२ मध्ये त्यांनी काम थांबवले आणि कालव्यातून नावेने थेट वॉशिंग्टन गाठून राष्ट्राध्यक्ष टायलर यांच्यापुढे गाऱ्हाणे मांडले. घड्याळ काही हटले नाही.

कानससुद्धा लगेच हटली नाही. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात सॅम्युएल कोल्टच्या रिव्हॉल्वरांनी इंग्रजांचे डोळे दिपवले. पण कोल्टच्या कारखान्यातही यंत्रावरून उतरलेले भाग शेवटी हातानेच जुळवले जात, आणि जुळलेल्या भागांवर एकच क्रमांक ठोकला जाई. हवी तेवढी अचूकता आणणारी मापण्या, पोलाद आणि यंत्रे यांची सांगड बसायला आणखी बराच काळ जावा लागला.

आता आपल्या पिस्तुलाकडे येऊ. जॉन मोझेस ब्राउनिंग हा यूटा राज्यातल्या ऑग्डन गावचा, बंदुका बनवणाऱ्याचाच मुलगा. त्याच्या रचनेचे, कोल्ट कंपनीने सादर केलेले .४५ कॅलिबरचे अर्धस्वयंचलित पिस्तूल मार्च १९११ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारले. अर्धस्वयंचलित म्हणजे दर गोळीला चाप ओढायचा, पण रिकामे काडतूस बाहेर फेकणे आणि नवे भरणे हे काम गोळीच्या प्रतिक्रिया-बलाने आपोआप होते. न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना बंदुकीचा धक्का आपण सांगतोच. इथे तोच धक्का कामाला जुंपला आहे. अंतिम चाचणीत ६००० गोळ्या झाडल्या. पिस्तूल फार तापले की ते पाण्यात बुडवून थंड करत. ते एकदाही अडले नाही, अशी नोंद आहे.

दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल कोणी कोणी बनवले ते पाहा. टंकलेखन यंत्रे बनवणारी रेमिंग्टन रँड, रेल्वेचे सिग्नल बनवणारी एक कंपनी, आणि आपल्या घरोघरी ठाऊक असलेली शिवणयंत्रवाली सिंगर! सिंगरने फक्त ५०० बनवली, रेमिंग्टन रँडने मात्र लाखांनी. एका कारखान्याची नळी दुसऱ्याच्या पिस्तुलात बसलीच पाहिजे, अशी सैन्याची अट होती. ब्लाँचे स्वप्न पुरे झाले.

पण त्याची किंमत होती. दोन ठिकाणी बनलेले भाग नेहमीच एकमेकांत बसायचे, तर मापात थोडी सूट ठेवावी लागते. भोक जरा मोठे, दांडा जरा बारीक. म्हणून युद्धकाळातले हे पिस्तूल हातात हलवले तर खुळखुळायचे. चिखलात, वाळूत चालायला ते सोयीचेच होते. नेमबाजाला मात्र ते चालेना.

का, ते गणिताने पाहू. या पिस्तुलात नेम धरण्याच्या खुणा वरच्या सरकत्या भागावर, म्हणजे स्लाइडवर असतात आणि नळी त्या भागाच्या आत वेगळी असते. नळीची लांबी १२७ मिमी. मागचे टोक स्थिर आहे आणि पुढचे टोक ०.१ मिमी, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीएवढे, हलते असे समजा. स्पर्धेतले लक्ष्य ५० यार्डांवर, म्हणजे सुमारे ४५.७ मीटरवर असते. समरूप त्रिकोण काढले की लक्ष्यावर सुमारे ३६ मिमीचा फरक येतो. केसभर चुकीचे बोटभर अंतर होते! (नववी-दहावीच्या वर्गात हे उदाहरण पिस्तुलाऐवजी दुर्बिणीच्या नळीनेही सोडवता येईल.)

मग नेमबाजांनी आणि सैन्यातल्याच शस्त्र-कारागिरांनी पुन्हा कानस हाती घेतली. ओहायोतल्या कॅम्प पेरी येथील राष्ट्रीय स्पर्धांसाठी पिस्तुले हाताने जुळवली जाऊ लागली. स्लाइड आणि फ्रेम यांतला खुळखुळा घालवायचा, नळीच्या तोंडाशी असलेला बुश नेमका बसवायचा, एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग बारीक पूड लावून गुळगुळीत करायचे. भाग कुठे टेकतो ते कळण्यासाठी एकावर निळा रंग पुसायचा, दुसरा त्यावर सरकवायचा आणि जिथे रंग लागला तेवढाच उंचवटा काढायचा. आपल्याकडचे फिटरही हेच करतात. महायुद्धानंतर सैन्याची जुनी पिस्तुले स्वस्तात विकली गेली, तेव्हा हे काम अमेरिकेतल्या घरांच्या मागच्या खोल्यांतही पोचले. तिथे मालकाला स्वतःच्या पिस्तुलावर असे काम बहुधा करता येते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्राची साधी दुरुस्तीही परवान्याशिवाय गुन्हा ठरते. तेव्हा वाचकांनी आपली हौस खिळ्यावर भागवावी. तो प्रयोग पुढे देत आहोत.

कानस फिरली की वरचा काळा-निळा थर जातो आणि उघडे पोलाद गंजू लागते. म्हणून जुळवणीनंतर नवा थर देणे आले. इथे रसायनशास्त्राची एक गंमत आहे: गंजापासून रक्षण करायला गंजच वापरतात.

ओल्या हवेत लोखंडावर येणारा तांबूस गंज भुसभुशीत असतो. तो पोपडे होऊन निघतो, पाणी धरून ठेवतो आणि आतल्या लोखंडाला खातच राहतो. लोखंडाचेच दुसरे ऑक्साइड म्हणजे काळे मॅग्नेटाइट. ते पृष्ठभागाला घट्ट चिकटते. पूर्वीच्या कारागिरांना सूत्रे ठाऊक नव्हती, पण रीत ठाऊक होती. नळीवर मुद्दाम पातळ गंज चढू द्यायचा, तो घासून थोपवायचा, आणि असे अनेकदा करून तपकिरी रंग आणायचा. पुढे त्यात एक पायरी वाढली: गंजलेला भाग पाण्यात उकळायचा. उकळत्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन फारसा उरत नाही. तांबड्या गंजाची खालच्या लोखंडाशी क्रिया होऊन काळे ऑक्साइड तयार होते. मग सुटी भुकटी ब्रशने झाडायची आणि पुन्हा गंजवायचे. अशा बऱ्याच फेऱ्यांनंतर मखमली काळा-निळा रंग येतो, त्यावर तेल. आठवडाभराचे काम!

कारखान्यांना आठवडा परवडत नाही. तिथे दाहक सोडा आणि नायट्रेट यांच्या कडक द्रावणात भाग बुडवून काही मिनिटांत तेच ऑक्साइड मिळवू लागले. युद्धात तेवढीही नजाकत नको होती. १९०६ मध्ये थॉमस कॉस्लेट या इंग्रजाने फॉस्फोरिक आम्लाने पोलादावर फॉस्फेटचा थर देण्याचे पेटंट घेतले होते. अमेरिकेत पार्कर कंपनीने ती रीत सुधारून वापरात आणली. हा थर करड्या रंगाचा, चमक नसलेला, तेल शोषून धरणारा. सैनिकाला नेमके हेच हवे होते. घरच्या कारागिरांपैकी अनेकांनी मात्र गंजवून उकळण्याची जुनी, संथ रीतच धरली, कारण तिला घातक द्रावणाच्या तापत्या टाक्या लागत नाहीत; वेळ लागतो, आणि हौशी माणसाकडे तोच असतो.

निळ्या रंगाचा आणखी एक प्रकार आहे, तो आपल्या लोहाराला चांगला ठाऊक आहे. विळ्याला पाणी दिल्यावर तो पाते पुन्हा जरा तापवतो आणि रंग पाहत बसतो. सुमारे २३० अंश सेल्सिअसला गवती पिवळा, मग जांभळा, ३०० च्या आसपास निळा. हा रंग कुठल्याही रंगद्रव्याचा नाही. ऑक्साइडच्या अतिपातळ थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशाचे व्यतिकरण होते, साबणाच्या फुग्यासारखे. घड्याळांचे निळे काटे आणि जुन्या पिस्तुलांचे निळे स्क्रू असेच होत. थर जितका देखणा तितकाच नाजूक, म्हणून सबंध पिस्तुलाला तो पुरत नाही.

वर्गात करून पाहायचे तर दोन लोखंडी खिळे घ्या, गॅल्व्हनाइझ केलेले नकोत. पॉलिशकागदाने घासा, साबणाने धुऊन तेलकटपणा घालवा. मिठाच्या अगदी पातळ पाण्याचा हात फिरवून ओल्या कापडाशेजारी झाकणाच्या डब्यात, कापडाला न टेकवता, एक दिवस ठेवा. सारखा पातळ तांबडा गंज आला की एक खिळा तसाच ठेवा, दुसरा शुद्ध केलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळा. तांबडा रंग काळा पडताना दिसेल. कापडाने पुसून पुन्हा गंजवा, पुन्हा उकळा. तीन-चार फेऱ्यांनंतर त्याला तेल लावा आणि दोन्ही खिळे खिडकीत पावसाळाभर ठेवून नोंदी करा.

हाताने जुळवलेल्या त्या पिस्तुलांचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. त्यांतला एखादा भाग झिजला तर कारखान्यातला तयार भाग त्यात बसतोच असे नाही, कारण तो आता त्या पिस्तुलापुरता बनलेला असतो. म्हणून अमेरिकेत मुद्दाम मोठ्या मापाचे, म्हणजे न बसणारे भाग विकले जातात; घेणाऱ्याने ते घासून बसवायचे. आणि सुटे केलेले भाग दुसऱ्या पिस्तुलाच्या भागांत मिसळू नयेत म्हणून अनेक कारागीर नळीवर आणि स्लाइडवर फ्रेमचाच क्रमांक कोरून ठेवतात. व्हिटनीच्या बंदुकांवर वुडबरींना सापडल्या त्या खुणांचे काम हेच होते.